लाकडात कापलेली गल्ली

माझ्याकडे शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी लाकूड ढकलतो. वकील असो, गृहिणी असो, नाहीतर आयुष्यभर लोखंड कापलेला फिटर असो, सगळे ढकलतात. मग पातं मागे वाकतं, रेघ सुटते आणि माणूस माझ्याकडे असं बघतो, जणू मीच त्याचा हात ओढला. मी म्हणते, "अहो, खाण्याची घाई पात्याला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही फक्त वाढा."

स्क्रोल सॉ हे मशीन ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणावं. सुईच्या जागी करवतीचं बारीक पातं. ते जागच्या जागी खाली-वर होतं आणि लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. कापड फिरवतो तसंच. ज्या बाईला ब्लाउजचा गळा शिवता येतो तिला मी आठवडाभरात मोराची मान कापायला शिकवते. पुरुषांना थोडा जास्त वेळ लागतो, कारण त्यांना आधी मशीन समजून घ्यायचं असतं.

विरार पश्चिमेला आमचं जुनं घर आहे. चारी बाजूंनी इमारती उठल्या, त्यांच्यामध्ये ते राहून गेलं. ज्या पडवीत सासरे केळीचे लोंगर टेकवून ठेवायचे तिथे आता माझी मशिनं आहेत. शनिवार-रविवारी समोरच्या टॉवरमधली हौशी मंडळी येतात. "ताई, मशीन कुठलं घेऊ?" हा प्रश्न सगळे विचारतात. पातं कुठलं लावू, हे कोणी विचारत नाही. खरं काम तर तेच करतं. पातं म्हणजे पाच इंचांची दातेरी काडी. पातळ प्लायला बारीक दाते, जाड सागाला मोठे आणि विरळ. दातांमध्ये जागा असली की भुसा बाहेर पडतो, नसली की लाकूड करपतं. काही पात्यांचे तळाचे थोडे दाते उलटे असतात, त्यामुळे लाकडाच्या खालच्या अंगाला कुसळं निघत नाहीत. पातं चढवलं की ताण द्यायचा आणि नखाने छेडायचं. तारेसारखं टणकन वाजलं तर कामाला लागा, ठप्प वाजलं तर आणखी ताणा. आणि नवं पातं नेहमी एका अंगाला ओढतं. त्यावर चिडू नका, लाकूडच जरा तिरकं धरा. गाडीवानाला आपल्या बैलाची खोड ठाऊक असते, तसं हे. नक्षीच्या कागदावर साधी चिकटपट्टी लावली तर लाकूड करपत नाही. असं का होतं ते मला आजवर पुरतं कळलेलं नाही. होतं, एवढं खरं.

हे सगळं मी शिकले ते वसई पूर्वेच्या एका कारखान्यात. तिथे आम्ही शाळांसाठी लाकडी कोडी कापायचो. फळं, प्राणी, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे भारताचा नकाशा. एकेक राज्य सुटं निघायचं, मुलांनी ते जागेवर बसवायचं. मी त्या टेबलावर निम्मं आयुष्य काढलं. डोळे मिटून महाराष्ट्र कापू शकेन असं मी तेव्हा फुशारकीने म्हणत असे. त्रास द्यायचा तो गोवा. कापायला नव्हे, टिकायला. एवढासा तुकडा, मुलांच्या हातून हटकून हरवायचा. शाळांचे निरोप यायचे, "आमचा गोवा गेला, दुसरा पाठवा." शेवटी आम्ही उरलेल्या फळकुटांतून गोवेच गोवे कापून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवले. नंतर प्लास्टिक आलं, मग लेझरने कापलेला माल आला, आणि कारखाना बंद पडला. आम्ही बायका त्या टेबलांवरून एकमेकींना सगळं सांगायचो, सासूपासून ते गर्भाशयाच्या गाठीपर्यंत. त्यातल्या बहुतेक जणी आता कुठे आहेत मला माहीत नाही. त्याची रुखरुख आहे. मालकांनी निघताना विचारलं, "सुनंदाबाई, काय हवं?" मी म्हटलं, "माझं मशीन." ते अजून चालतं, त्यावर मी कुणाला हात लावू देत नाही.

हौशी लोकांचे नमुने पुष्कळ आहेत, पण साळवीसाहेबांना तोड नाही. निवृत्त झाले होते आणि नवीन फ्लॅटच्या दारावर स्वतःच्या हाताने कापलेली 'गणेश' अशी पाटी लावायची होती. मी म्हटलं, "करा, सोपं आहे. आपल्या अक्षरांना वर शिरोरेघ असते. सगळी अक्षरं तिला दोरीवरच्या कपड्यांसारखी लटकलेली असतात, एकसंध निघतात."

"शिरोरेघ नको," साहेब म्हणाले. "हल्ली तशी फॅशन नाही. विदाउट रेघ मॉडर्न दिसतं."

मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग गप्प बसले, कारण काही धडे लाकूडच चांगलं शिकवतं. साहेबांनी अतिशय निगुतीने, जीभ दाताखाली धरून कापलं. शेवटचा काप पुरा झाला आणि ग-चा काना एकीकडे, पोट दुसरीकडे, ण-चे दोन तुकडे, मात्रा उडून मशीनखाली. त्यांच्या मिसेस शेजारी बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, घरी आणायच्या आधीच विसर्जन केलंत की!" साहेब इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. आज त्यांच्या दारावर पाटी आहे. शिरोरेघेसकट.

पण मी आज लिहायला बसले ते रेजिनासाठी.

रेजिना भुईगावची. प्राथमिक शाळेत शिकवायची, वय पन्नाशीच्या जरा पुढे. नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, यंदा स्वतः कापायचा म्हणून ती माझ्याकडे आली. तिला तिचा नवरा डॉमनिक स्कूटरवर आणून सोडायचा. त्याची फुलांची वाडी आहे, बोलायला अगदी बेताचा माणूस. तेव्हा मी तिला 'टीचर, तुम्ही' म्हणायचे. आता म्हणत नाही, म्हणून लिहितानाही 'ती'च लिहिते.

तिची रेघ बघून मी चकित झाले. शिकाऊ माणसाची रेघ मुंगीच्या वाटेसारखी असते. हिची पहिल्याच दिवशी अशी, की कागदावरची काळी रेषा दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी वाटली जावी. मी बाकीच्यांना बोलावून दाखवलं. "बघा, नजर कशी ठेवतात!" रेजिनाने मान वर केली नाही, कापत राहिली. त्याच दिवशी जाताना ती दारातल्या स्टुलाला अडखळली. पुढच्या वेळी मी चहा तिच्या कोपराशी ठेवला, तो तसाच निवला. "टीचर, चहा," म्हटल्यावर तिने मान पूर्ण वळवली, मग कप शोधला. माझ्या डोक्यात काहीतरी वळवळलं, पण मी ते काम करताना लागणाऱ्या तंद्रीवर ढकललं.

मग तो रविवार आला. ती गोठ्यातलं मेंढरू कापत होती. पाय कापायचे म्हणजे लाकूड भराभर वळवावं लागतं. मी पलीकडच्या मशीनवर कुणाचं तरी पातं बदलत होते आणि सहज वर पाहिलं. तिची नजर रेघेवर खिळलेली. आणि डाव्या हाताची तर्जनी पात्याच्या वाटेत, अगदी लगत, सरकत चाललेली. तिला ते बोट दिसतच नव्हतं. हाक मारण्यात अर्थ नव्हता, दचकली असती. मी दोन ढांगांत जाऊन बटण दाबलं. पातं थांबलं तेव्हा तिच्या नखाला पांढरा ओरखडा उठला होता. रक्त आलं नाही.

लोकांना वाटतं या मशीनने बोट तुटतं. सहसा तुटत नाही, पण चिरतं, आणि चिरलेलं बोट पुष्कळ दिवस आठवण देतं. मी बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि तिच्यासमोर बसले.

"टीचर, तुम्हाला किती दिसतं?"

तिने मांडीवरचा भुसा झटकला. मग तिने दोन्ही मुठी दुर्बिणीसारख्या डोळ्यांना लावल्या. "एवढं. समोरचं चांगलं दिसतं. बाजूचं गेलं. डॉक्टर म्हणतात समोरचंसुद्धा हळूहळू जाईल. उपाय नाही."

"घरी माहीत आहे?"

"डॉमनिकला. शाळेत नाही सांगितलं. मुलं रांगेत उभी राहिली की मी मान फिरवत बसते. त्यांना वाटतं टीचर फार कडक झाली."

तिची रेघ इतकी चांगली का होती ते मला तेव्हा कळलं. तिला रेघेशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी माझ्या बाजूने सरळ निर्णय दिला. "मशीनवर नाही बसायचं. पॉलिश पेपर मारा, रंग द्या, जोडणी करा. मेंढरं मी कापून देते."

"मी पण टीचर आहे, सुनंदाताई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पोराला वर्गाबाहेर काढणं फार सोपं असतं. शिकवायचं टळतं."

पिशवी न घेताच ती डॉमनिकच्या स्कूटरवर बसून गेली.

माझा निर्णय चूक होता असं मला आजही वाटत नाही. डोळ्यादेखत कुणाचं बोट जाऊ द्यायला मी बसलेली नाही. पण तिचं वाक्य भुशासारखं अंगाला चिकटून राहिलं. तीन-चार दिवसांनी मीच मेंढरांची पिशवी घेऊन भुईगावला गेले.

भुईगावच्या गल्ल्या अशा की एका बाजूच्या भिंतीला कोपर घासलं तर दुसऱ्या बाजूला पिशवी घासते. नारळ, चाफा, मध्येच एखादी विहीर, वळणावर पांढरा क्रूस. डॉमनिकने दार उघडलं. रेजिना मागच्या खोलीत होती, तोवर तो ओट्यावर माझ्याशी हळू बोलला. आमच्या ओळखीतलं त्याचं सर्वांत लांब भाषण ते.

"सहा महिन्यांपूर्वी चर्चवरून येताना विहिरीपाशी स्कूटर लागली तिला. लागलं नाही फार. पण आता एकटी बाहेर पडत नाही. मी नेतो तिथे जाते. मला म्हणाली, 'तू मला पोत्यासारखं वाहतोस.' मी काय करू सांगा."

रेजिना बाहेर आली. माझ्यावर राग धरला नव्हता, की शिक्षकी सवयीने गिळला होता, कोण जाणे. चहा झाला. मग ती एकदम म्हणाली, "आमच्या शाळेत तुमच्या कारखान्याचा नकाशा होता. गोवा नव्हता त्यात. मी पुठ्ठ्याचा कापून बसवला होता."

"निरोप पाठवायचा, आमच्याकडे डबाभर गोवे होते!"

ती हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "एवढा देश कापलात तुम्ही. आता माझी गल्ली कापून द्या. बोटाने वाचता येईल अशी. डोळे आहेत तोवर पाठ करते."

मी खूप कामं घेतली आयुष्यात, पण 'हो' म्हणायला इतका कमी वेळ कधी लागला नव्हता.

रीत मी परत येताना वाटेतच ठरवली. खाली एक अखंड पाटा. वर दुसरा, त्यातून रस्ते कापून काढायचे आणि तो खालच्यावर चिकटवायचा. म्हणजे गल्ल्या बोटाएवढ्या रुंद पन्हळीसारख्या खोल राहतील आणि घरं-वाड्या वर. आतून कापायचं तर आधी ड्रिलने भोक पाडायचं, पातं एका टोकाने सोडवून त्यातून ओवायचं आणि पुन्हा ताणायचं. प्रत्येक वाडीच्या कडेला नवं भोक, नवं ओवणं. विहिरीसाठी शिसवीची गुळगुळीत चकती, चर्चसाठी उंच तुकडा, बेकरीसाठी खरखरीत काचकागदाचा चौकोन. क्रूसाचा क्रूसच. बस स्टॉप म्हणजे पितळी खिळ्याचं डोकं, कारण लाकडात धातू बोटाला लगेच गार लागतो.

आम्ही दोघी गल्लीगल्ली चाललो, मी कागदावर काढत गेले. लाकूड कापून, चिकटवून, घासून मी मोठ्या तोऱ्यात तिच्यापुढे ठेवलं. तिने डोळे मिटले आणि घरापासून बोट निघालं. विहीर, वळण, क्रूस. क्रूसाच्या पुढे बोट थांबलं.

"ही सरळ नाही."

"सरळच आहे. मी स्वतः पाहून काढलीय."

"तुम्ही पाहून काढलीत. मी तिथे चालते तेव्हा डाव्या हाताची भिंत हळूहळू सुटते. आणि बेकरीच्या आधी चढ आहे. तो कुठेय?"

मला जरा झोंबलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सुतळी घेऊन तिथे गेलो. डॉमनिकने क्रूसापाशी टोक धरलं, मी बेकरीपाशी. भिंत सुतळीपासून हळूहळू, अगदी तिने म्हटलं तशी, दूर जात होती. चढाचं म्हणाल तर तो मला पायांनी पहिल्यांदाच कळला, कारण त्या दिवशी मी रस्ता सोडून सुतळीकडे बघत होते. मी तो भाग कापून काढला, पाचर घालून उचलला, वळण दिलं. आणखी दोन चुका तिने काढल्या. चौथ्या वेळी तिचं बोट घरापासून बस स्टॉपपर्यंत न थांबता गेलं आणि पितळी खिळ्यावर टेकलं.

"आता आमचं घर मी कापणार," ती म्हणाली.

घराचा तुकडा मी मुद्दाम बाकी ठेवला होता. ती हे म्हणेल हे मला ठाऊक होतं. आणि मधल्या काळात मी नुसती बसले नव्हते. तान्ह्या मुलाच्या वाळ्यासारखं एक पितळी कडं मी लाकूड दाबून धरणाऱ्या पट्टीला बसवलं होतं, पात्याभोवती गोल. बोट कड्याला लागलं की थांबायचं, त्याच्या आत पातं आहे. कड्याला समोरून कानशीने एक खाच पाडली. लाकडावर रेघेऐवजी जाड दोरा चिकटवला. डाव्या बोटाने खाच चाचपायची आणि दोरा खाचेखालीच येत राहील असं लाकूड वळवायचं. पातं जरा जाड लावलं, भरकटू नये म्हणून. वेग अगदी मंद. हे घरी कुणी एकट्याने करून बघू नये. माझा हात सारा वेळ बटणावर होता.

"डोळे उघडे ठेवू की मिटू?" तिने विचारलं.

"तू सांग."

"मिटते. उद्याची सवय."

आधी रद्दी फळ्यांवर बरंच चाललं. पहिले काप भरकटले, दोरा सोडून कुठल्या कुठे. मग तिचं कान देणं सुरू झालं. पातं सरळ खात असलं की आवाज एकसारखा असतो, कोपऱ्यात दाबलं की चिरका होतो. हे मी वर्षानुवर्षं ऐकत होते, पण कधी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण शिकवण्यासारखं आहे हेच माहीत नव्हतं. घराचा तुकडा कापला त्या दिवशी डॉमनिक दारात उभा होता. शेवटचा कोपरा फिरला, तुकडा सुटा होऊन तिच्या तळहातात आला. ती त्याच्या कडा चाचपत राहिली. एक कड जरा वाकडी होती.

"घासून देऊ सरळ?" मी म्हटलं.

"नको. आमची भिंतही तशीच आहे."

गोठाही पुरा झाला, मेंढरं तिनेच कापली, आणि नाताळ गेला. नकाशा तिच्या टेबलावर होता आणि ती तो रोज वाचत होती. शाळेत तिने आता सांगून टाकलं होतं. पांढरी काठी धरायला ती एका संस्थेत जाऊन शिकली. मग एका सकाळी तिचा फोन आला. "आज मी एकटी बस स्टॉपपर्यंत जाणार. तुम्ही या. पण मागून चालायचं. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. डॉमनिकला धरून ठेवा."

ती पुढे, आम्ही दोघं बऱ्याच अंतराने मागे. विहीर गेली. तिथे तिने काठी भिंतीला लावून चक्क कान देऊन ऐकलं, स्कूटर येत नाही याची खात्री केली, आणि वळली. क्रूसापाशी एक हात उंचावून कपाळाला लावला. आणि मी पुढे पाहते तर गल्ली आडवी खणलेली! पाइप टाकायला कुणीतरी आदल्या संध्याकाळी चर मारला होता, मातीचा ढीग भिंतीला टेकलेला. नकाशात चर नव्हता. तिची काठी ढिगाऱ्यात रुतली. डॉमनिक पुढे झेपावला. मी त्याची बाही पकडली. मला स्वतःला किती धीर होता ते विचारू नका, पण मी सोडली नाही.

रेजिना तिथे उभी राहिली. तिचा डावा हात मांडीवर होता आणि बोट ड्रेसच्या कापडावर हलत होतं. मागे गेलं, वळलं, पुन्हा पुढे आलं. मग ती शांतपणे उलटी फिरली. आम्ही भिंतीला चिकटलो. ती आमच्या अगदी समोरून गेली. आम्ही आहोत हे तिला कळलं असणारच, कारण डॉमनिकचा श्वास मलाच ऐकू येत होता. क्रूसापाशी जाऊन तिने बेकरीमागची बोळ धरली. नेहमीची वाट नव्हती ती. नकाशात मात्र होती.

आम्ही मागे निघालो तर बोळीच्या तोंडाशी फुलांचा टेम्पो येऊन उभा. ड्रायव्हर खाली उतरून पाट्या चढवतोय. डॉमनिक त्याच्यावर ओरडला. त्याला ओरडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. टेम्पो हलला, आम्ही धावत सुटलो, या वयात, या गुडघ्यांनी. बस स्टॉपवर पोचलो तर रेजिना बाकावर बसलेली, काठी घडी घालून मांडीवर.

"केवढा उशीर," ती म्हणाली. "बस गेली असती."

डॉमनिक तिच्या शेजारी बसला. रुमाल काढून तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. बस आली. तो उठायला लागला तसं तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि बसच्या पायरीवर काठी टेकवून ती एकटीच चढली. कुठे चालली होती ते तिने सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नाही. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा कळलं, माझ्या पडवीतच गेली होती. मी घरी नाही म्हणून माझ्या सुनेच्या हातचा चहा पिऊन परत आली.

आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. शाळा तिने सोडली. माझ्याकडे येते आणि वर्गातल्या प्रत्येकाचं काम तिच्या हाताखालून जातं. साळवीसाहेब अजून येतात, हल्ली झुंबरं कापतात. आपलं काम तिच्यापुढे ठेवताना ते शाळकरी मुलासारखे उभे राहतात. ती कडेवरून अंगठा फिरवते आणि म्हणते, "इथे ढकललंत." ढकललेलंच असतं.

मागच्या महिन्यात चांदीप गावाहून एक बाई आली. तिच्या सासऱ्यांचे डोळे साखरेने गेले. भातशेती करणारा माणूस, दोन वर्षं ओटीवर बसून होता. कुणीतरी तिला गल्लीच्या नकाशाचं सांगितलं होतं. मी मापाची टेप, कागद, पेन्सिली भरल्या. रेजिना म्हणाली, "मी येते."

चांदीपला गल्ल्या नाहीत. बांध आहेत, खाचरं आहेत, आणि मोकळं रान. मी उतरल्याबरोबर चौफेर बघायला लागले आणि मनातून जरा हबकले. इथे रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं? म्हाताऱ्याने आमचा आवाज ऐकून तोंड फिरवलं. "कोन नकाशा काढनार माझ्या शेताचा? मला काय दिसनार त्यात?" तो म्हणाला. सून ओशाळली.

मी कागद उघडला. रेजिनाने माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं. काठीने ओटीची कड शोधली आणि ती त्याच्या शेजारी, त्याच्यासारखीच पाय खाली सोडून बसली.

"मलाही दिसत नाही, बाबा," ती म्हणाली. "मला सांगा, इथून खाली उतरलात की पायाला पहिलं काय लागतं?"

म्हाताऱ्याने तोंड तिच्याकडे वळवलं. मग त्याने पाय जरा हलवला, जणू उतरूनच बघितलं.

"पानी," तो म्हणाला. "आंगनाच्या कडेनं ओहळ जातो. त्याच्यावं दगडाची फरशी हाय, एका अंगाला कललेली. ती वलांडली का मग बांध."

"कुठल्या अंगाला कललेली?"

"उजव्या," तो म्हणाला, आणि बोलता बोलता ओटीवरून खाली उतरू लागला. "चल बाय, दावतो."